दगडावरची पिवळट-हिरवी पानं: झँथोपार्मेलियाच्या एवढ्या जाती, आणि त्याही दक्षिणेतच का?

खडकवेडी:
लायकेनवरची चर्चा नेहमी "बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी, किती छान" इथपर्यंत येते आणि तिथेच बसते, पुढे कोणी सरकतच नाही. म्हणून म्हटलं एकच गट धरून बोलू. उघड्यावरच्या, दिवसभर ऊन खाणाऱ्या दगडावर पिवळट हिरवी, कडेनं पानासारखी कातरलेली गोल पसरट वाढ दिसते ना, मधे कधी कधी तपकिरी बारक्या वाट्या असतात, ती बऱ्याच वेळा झँथोपार्मेलिया असते. पार्मेलिएसी कुळातली. हे कुळ लायकेन बनवणाऱ्या बुरश्यांमधलं सगळ्यात मोठं, २७०० च्या आसपास जाती, आणि त्यातल्या ८०० च्या वर एकट्या या प्रजातीत (प्रजाती म्हणजे इंग्रजीत जीनस, जवळच्या जातींचा गट)! आपल्याला वाटतं दगडावरचा डाग तो डाग, त्यात काय बघायचं.

लक्षणं थोडक्यात सांगते. पाकळ्या अरुंद, साधारण १ ते ४ मिमी, दगडाला बऱ्यापैकी चिकटून. वरचा रंग पिवळट हिरवा, तो युस्निक अ‍ॅसिड या पिवळ्या रंगद्रव्यामुळे. खालची बाजू फिकट तपकिरीपासून ठार काळ्यापर्यंत कशीही, आणि त्यावर साधी, फाटे न फुटलेली मुळासारखी केसं (रायझिन म्हणतात, पण ती फक्त धरून ठेवायला, पाणी ओढायला नाहीत). आतलं हिरवं शैवाल ट्रेबूक्सिया. वाट्यांमधे बीजाणू तयार होतात, एका पिशवीत ८, बिनरंगी, एकपेशी.

आणि वाढतात कुठे, तर ग्रॅनाइट, वालुकाश्म, क्वार्टझाइट असल्या सिलिकावाल्या दगडांवर. चुनखडीवर क्वचित. थोड्या जाती मातीवर, अगदी थोड्या लाकडावर किंवा सालीवर. माझा खरा प्रश्न पुढे आहे: नकाशा बघितला तर जगभर आहेत, पण जातींची गर्दी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत. हे असं का?

तिरका:
पिवळट हिरवं पानासारखं दिसलं की झँथोपार्मेलिया, असं सरसकट कसं म्हणता येईल? मी तर झाडाच्या सालीवर पण अगदी तसंच बघितलंय. फोटो टाकून "हे काय" विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात.

खडकवेडी:
सरसकट नाहीच म्हटलं हो, "बऱ्याच वेळा" म्हटलंय :) सालीवरचं तुम्ही बघितलेलं फ्लॅवोपार्मेलिया असण्याची शक्यता जास्त. तिच्या पाकळ्या रुंद आणि गोलसर, ५ मिमीच्या पुढे सहज जातात, आणि फ्लॅवोपार्मेलिया कॅपेराटा असेल तर वर पिठूळ सोरेडिया (बुरशी आणि शैवाल मिळून झालेले सुटे कण) पसरलेल्या दिसतील, भिंगातून बघितलं तर दाणेदार पीठ सांडल्यासारखं. झँथोपार्मेलियात सोरेडिया अगदी थोड्या जातींमधे, मौजिओटी ही त्यातली एक. वर बारीक पांढरे ठिपके असतील आणि ते त्वचेतली भोकं असतील तर फ्लॅवोपंक्टेलियाकडे बघा. उत्तरेच्या थंड भागात दगडावरच, पण खालची बाजू मखमली असेल तर आर्क्टोपार्मेलिया. त्यातली सेंट्रिफ्यूगा नावाची तर एकात एक गोल कड्या करत वाढते, मधला भाग मरतो, कडा पुढे सरकते, मग रिकाम्या झालेल्या मधल्या जागेत पुन्हा नवीन. कोणीतरी मुद्दाम काढल्यासारखं दिसतं.

सावली_उन्हाची:
वाचतेय. फोटोंची वाट बघतेय पण ते कोणी टाकणार नाही हे माहितीये.

जुनी_प्रयोगशाळा:
खडकवेडी ताई, सुरुवात छान, पण मुद्द्याची गोष्ट राहिलीच. या गटात नुसत्या डोळ्यांनी जात ठरवणं जवळपास अशक्य आहे, आणि हे मी लोकांना घाबरवायला सांगत नाहीये, ही कामाची पद्धतच तशी आहे. दोन जाती घ्या, प्लिटाय आणि मेक्सिकाना. दोन्ही दगडावर, दोन्ही पिवळट हिरव्या, दोन्हींच्या अंगावर आयसिडिया म्हणजे ते बारीक खुंट, दोन्हींची खालची बाजू फिकट तपकिरी. शेजारी शेजारी ठेवा, भिंग घ्या, तासभर बघत बसा, काही हाती लागत नाही. आता पाकळीच्या वरचा पिवळा थर ब्लेडनं अलगद खरवडा, जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढा, आत पांढरा कापसासारखा गाभा दिसेल, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा बारीक थेंब ठेवा (काचेच्या केशनळीनं, बाटलीतून ओतू नका, आणि कातडीला, डोळ्याला लावू नका, जाळतं). दोन्हीकडे आधी पिवळं होईल. मग प्लिटाय नारिंगीवर थांबते, आणि मेक्सिकाना काही सेकंदात रक्तासारखी लाल होते. कारण एकीच्या गाभ्यात स्टिक्टिक अ‍ॅसिड, दुसरीच्या सालाझिनिक.

हे थेंबाचं तंत्र नायलँडर नावाच्या फिनिश अभ्यासकानं १८६६ मधे काढलं, आणि त्यानंच त्याच वर्षी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतले लायकेन बघून शहराच्या हवेचा आणि लायकेनचा संबंध मांडला. एकाच वर्षात दोन्ही. बाकीच्यांनी काय करायचं मग.

पण थेंबानं सगळं सुटत नाही. फ्युमारप्रोटोसेट्रारिक, नॉरस्टिक्टिक, सोरोमिक अशी बरीच अ‍ॅसिडं या गटात आहेत आणि काहींची मिसळण असते, तेव्हा तुकडा अ‍ॅसिटोनमधे भिजवून तो अर्क सिलिकाच्या पातळ थराच्या काचेवर चढवतात, द्रावक वर चढतो, प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर थांबतो, मग सल्फ्युरिक अ‍ॅसिड फवारून तापवलं की ठिपके उमटतात. थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. हे केल्याशिवाय झँथोपार्मेलियाचं जातीपर्यंतचं नाव कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मी हसून पुढे जातो.

तिरका:
म्हणजे नुसत्या फोटोवरून नाव सांगणारे सगळे थापा मारतात?

जुनी_प्रयोगशाळा:
थापा नाही म्हणणार, प्रजातीपर्यंत फोटो चालतो. त्या भागात कुठल्या जाती आहेत हे आधीच नीट माहीत असेल तर अंदाजही बरा येतो. पण अंदाजाला अंदाज म्हणा एवढंच.

भटक्या_विमुक्त_मन:
धागा मस्त चाललाय. मूळ प्रश्नाकडे येतो, दक्षिणेत का. माझी शंका सरळ आहे: शोधणारे तिथे गेले म्हणून. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेतल्या मेसन हेल यांनी १९७४ मधे या गटाला प्रजातीचा दर्जा दिला, त्याआधी हे सगळं पार्मेलिया नावाच्या एका भल्यामोठ्या पोत्यात होतं. १९९० च्या त्यांच्या आढाव्यात ४०६ जाती होत्या. कॅनबेराचे जॅक एलिक्स हे मुळात रसायनशास्त्रज्ञ, त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या जातींवर जाती वर्णन केल्या, हेलबरोबर पण केल्या. आता जिथे रसायनशास्त्रज्ञ स्वतः दगड खरवडत फिरतोय तिथे जाती जास्त सापडणारच ना? आकडा आधी बघणाऱ्यांचा असतो, मग दगडाचा.

खडकवेडी:
थोडं पटतं, सगळं नाही. युरोपात तर लायकेन बघणाऱ्यांची परंपरा सगळ्यात जुनी, अठराव्या शतकातल्या लिनियस या स्वीडिश वर्गीकरणकारापासून, खडा न् खडा तपासून झालाय. नुसतं बघणाऱ्यांवर असतं तर युरोपचा आकडा सगळ्यात वर हवा होता. तो नाहीये, बराच खाली आहे.

भटक्या_विमुक्त_मन:
हम्म. हा मुद्दा मान्य. पण युरोपातल्यांनी एवढी रसायनं लावून जाती फोडल्या नसतील.

जुनी_प्रयोगशाळा:
लावली आहेत. नायलँडर कुठला होता म्हणे? :)

नकाशेवाला:
मधे पडतो. इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतायत. एक, हा गट कुठे टिकतो. दोन, जाती कुठे फुटल्या. ते वेगळे केले की गुंता बराच सुटतो.

टिकण्याचं आधी. लायकेनला आतून पाणी धरून ठेवता येत नाही, बाहेर कोरडं तर हेही कोरडं, बाहेर ओलं तर हेही ओलं. कोरडं झालं की कामकाज बंद, मेलेलं नसतं, थांबलेलं असतं. आता यात फरक असा की ज्यांच्यात हिरवं शैवाल असतं ते नुसत्या दमट हवेवर पुन्हा चालू होतात, प्रकाशसंश्लेषण सुरू होतं, प्रत्यक्ष पाण्याचा थेंब लागत नाही. ज्यांच्यात निळं-हिरवं शैवाल म्हणजे सायनोबॅक्टेरिया एकटाच भागीदार असतो त्यांना द्रव पाणी लागतंच. झँथोपार्मेलिया पहिल्यातली. त्यामुळे पाऊस नाही पण पहाटे दव पडतं किंवा धुकं येतं अशा ठिकाणी तिला सकाळचे दोनतीन तास मिळतात, ऊन चढलं की कडकडीत वाळते, उद्या पुन्हा. वर युस्निक अ‍ॅसिडचा पिवळा थर जास्तीचा प्रकाश आणि अतिनील किरणं अडवतो, नाहीतर वाळलेल्या अवस्थेत आतल्या शैवालाचं काही खरं नव्हतं. नामिबच्या किनाऱ्यावर बघा, समुद्रात थंड बेंग्वेला प्रवाह, त्यावरून वारंवार धुकं आत येतं, पाऊस जवळपास नाहीच, आणि तिथे मैलोगणिक जमिनीवर लायकेनची पसरट मैदानं आहेत, त्यात हाच गट भरपूर. उलट उष्ण प्रदेशातल्या सखल, दाट, कायम ओल्या रानात ही कमी. तिथल्या पानासारख्या लायकेनमधे पार्मोट्रेमासारख्या रुंद पाकळ्यांच्या, काठावर केस असलेल्या जास्त दिसतात, आणि उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवर हायपोट्रॅकिना, तिची खालची केसं दोन दोन फाट्यांची असतात. म्हणजे हवा कोरडी, दगड उघडा, सिलिका भरपूर, हे तिघं जमले की झँथोपार्मेलिया.

आता फुटण्याचं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका, दोन्हीकडे जुने, झिजलेले, उघडे सिलिकावाले खडक अफाट, आणि मायोसीन काळापासून (साधारण सव्वादोन कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेला) हवा कोरडी होत गेली. नवीन जागा तयार होत गेल्या तशा जाती फुटत गेल्या, असं मला वाटतं.

सावली_उन्हाची:
मग दोन्ही खंड पूर्वी गोंडवन या एकाच महाखंडात एकत्र होते म्हणून दोन्हीकडे सारखे लायकेन, असं नाही का? शाळेत तेवढंच आठवतंय.

नकाशेवाला:
पहिल्यांदा ऐकलं की सगळ्यांना तेच वाटतं, फार देखणी गोष्ट आहे, पण काळ जुळत नाही. आफ्रिका बाकीच्यांपासून डायनासोरांच्या काळातच सुटी झाली. आणि डीएनएवरून जो हिशोब केलाय त्यात पार्मेलियासारख्या लायकेनच्या मुख्य शाखा बऱ्याचशा पॅलिओजीनमधे, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरच्या काळात वेगळ्या झालेल्या दिसतात. खंड आधी फुटले, झँथोपार्मेलिया नंतर आली. मग उरतं काय, तर समुद्र ओलांडून जाणं. या प्रजातीतल्या पुला नावाच्या गटावर तसा अभ्यास २०१२ मधे झालाय, महासागरापार उडी आणि मग प्रत्येक खंडावर स्वतंत्रपणे जाती फुटणं, असंच चित्र निघालं.

तिरका:
समुद्र ओलांडून?? दगडाला चिकटलेलं लायकेन?

खडकवेडी:
अख्खं लायकेन नाही हो, तुकडा किंवा बीजाणू. आणि यात एक गंमत आहे. वाटीतून उडणारा बीजाणू फक्त बुरशीचा असतो, तो हलका, लांब जातो, पण जिथे पडेल तिथे त्याला योग्य ट्रेबूक्सिया शोधावं लागतं, नाही भेटलं तर संपला. आयसिडियाचा खुंट तुटला तर त्यात दोघंही असतात, बुरशीही आणि शैवालही, पोचला की संसार चालू, पण तो जड, दूर जाईलच असं नाही. तरी एकूणात असे खुंटवाले प्रकार नकाशावर बरेचदा जास्त पसरलेले दिसतात, आणि नुसत्या वाट्यांवाले लहान टापूत. नियम नाही, कल आहे.

अक्कलखाते:
आणि काही जण दगडाला चिकटतच नाहीत हे कोणी सांगितलंच नाही अजून! या गटातली माझी सगळ्यात आवडती भानगड. भटके लायकेन. मातीवर सुटे पडलेले असतात, वारा नेईल तिकडे. ऑस्ट्रेलियातली सेमिविरिडिस बघा, वाळली की पाकळ्या आत वळून गच्च गुंडाळी होते, वरून फक्त खालची फिकट बाजू दिसते, हिरवं सगळं आत. पाणी टाकलं की डोळ्यादेखत उलगडत जाते, कडा आधी सैल होतात मग एकेक पाकळी जमिनीवर आडवी पडते आणि पूर्ण हिरवी पसरट नक्षी समोर येते. वाळली की पुन्हा बंद. नामिबमधली कॉन्व्होल्यूटा पण हेच करते. मुळं नाहीत, खोड नाही, स्नायू तर नाहीतच, वरचा आणि खालचा थर पाण्यानं कमीजास्त फुगतो त्याच्यावर सगळा खेळ.

भटक्या_विमुक्त_मन:
उत्तर अमेरिकेत पण आहे ना असली एक? हरणं मेली होती ती?

अक्कलखाते:
हो, क्लोरोक्रोआ. पश्चिमेकडच्या कोरड्या गवताळ पठारांवर सुटी पडलेली असते, कडा खाली वळलेल्या, चिकटलेली कशालाच नाही. तिथल्या नवाहो या मूळ अमेरिकन जमातीचे विणकर तिच्यापासून लोकर रंगवतात. वायोमिंगमधे २००४ च्या हिवाळ्यात शेकडो एल्क पाय लुळे पडून मेले किंवा मारावे लागले, तेव्हा त्यांनी ही लायकेन भरपूर खाल्ली होती असं निघालं. गंमत म्हणजे त्याच भागातले प्राँगहॉर्न (हरणासारखेच प्राणी) हिवाळ्यात ती खातात आणि त्यांना काही होत नाही. युस्निक अ‍ॅसिडवर संशय होता पण सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येईल असं मला वाटत नाही, कारण युस्निक अ‍ॅसिड तर या गटात जवळपास सगळ्यांच्यातच.

जुनी_प्रयोगशाळा:
"जवळपास" हा शब्द बरा वापरलात. वर सगळ्यांनी पिवळट हिरवं, पिवळट हिरवं चालवलंय, पण या प्रजातीत तपकिरी जाती पण आहेत, आणि त्या कमी नाहीत. नकाशेवाल्यांनी पुला गट म्हटलं ना, तोच. यांच्यात युस्निक अ‍ॅसिड नाही, गडद तपकिरी ते ऑलिव्ह रंग. पूर्वी निओफस्केलिया म्हणून वेगळी प्रजाती होती. २००४ मधे डीएनएचा अभ्यास आला आणि त्या सरळ झँथोपार्मेलियाच्या आत जाऊन बसल्या, सोबत अजून काही छोट्या प्रजाती पण आत आल्या, अक्कलखाते म्हणतायत ती सेमिविरिडिस पण तेव्हाच आली, तोवर तिचं चॉन्ड्रॉप्सिस म्हणून स्वतंत्र बिऱ्हाड होतं. मग या सगळ्यांना बांधणारं काय, तर पेशीभित्तिकेतलं लायकेनन नावाचं पॉलिसॅकराइड, त्याचा एक विशिष्ट प्रकार. रंग, आकार, चिकटणं न चिकटणं, सगळं फसवं निघालं, आणि जे डोळ्याला दिसत नाही ते टिकलं. तपकिरीवाल्यांसाठी अजून एक थेंब आहे: त्वचेवर नायट्रिक अ‍ॅसिड, निळसर हिरवं झालं तर झँथोपार्मेलिया, नाही झालं तर मेलानेलिया या दुसऱ्या तपकिरी प्रजातीच्या बाजूला बघा.

तिरका:
म्हणजे रंगावरून जमत नाही, आकारावरून जमत नाही, रसायनं बघायची, आणि शेवटी डीएनए येऊन रसायनांना पण खोटं पाडणार?

जुनी_प्रयोगशाळा:
पाडलंय पण. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जाती डीएनएवरून तपासल्या तेव्हा रसायनांवरून पाडलेल्या जाती आणि खरी वंशावळ जुळेना. भटकेपणा तर एकापेक्षा जास्त वेळा स्वतंत्रपणे आलेला दिसतो, म्हणजे "सुटी ती एक जात" हे गेलं. ८०० चा आकडा म्हणूनच मी जपून घेतो, काही जाती एकमेकींत विलीन होतील, काही एकीच्या चार होतील. मूळ पार्मेलियात सॅक्साटिलिसचं असंच झालं, लिनियसच्या काळापासून एक समजत होते, त्यातून एर्न्स्टिए, सेराना अशा वेगळ्या काढाव्या लागल्या.

भटक्या_विमुक्त_मन:
मग मी म्हणत होतो तेच आलं की फिरून. आकडेच पक्के नाहीत तर दक्षिणेत जास्त हे तरी कशावरून?

नकाशेवाला:
अर्ध्या जाती रद्द केल्या तरी दक्षिणेचं पारडं जडच राहील, एवढा फरक मोठा आहे. रसायनांवरून फोडणं उत्तरेतही झालंय, छाटणी दोन्हीकडे होईल. तुमची शंका आकड्याला लागू आहे, दिशेला नाही.

भटक्या_विमुक्त_मन:
ठीक. दिशा मान्य, आकड्यावर अडून बसणार :)

सावली_उन्हाची:
एक बाळबोध प्रश्न. एखादी हाताच्या तळव्याएवढी चकती असेल तर ती किती जुनी?

खडकवेडी:
पानासारखे लायकेन साधारण वर्षाला अर्धा ते पाच मिमी कडेला सरकतात, जात आणि जागेप्रमाणे. त्यामुळे तळव्याएवढी म्हणजे आठ-दहा वर्षांपासून काही दशकांपर्यंत, कोरड्या जागी अजून जास्त. पण मधला भाग झडून गेला असेल किंवा दोन चकत्या एकमेकींत मिसळल्या असतील तर हिशोब कोलमडतो, आणि मिसळतात त्या नेहमी. म्हणून उगाच अख्खी चकती उचकटू नका कोणी, प्लीज.

सावली_उन्हाची:
नाही उचकटत. पण नोंद करायची असेल तर नेमकं काय काय लिहायचं?

जुनी_प्रयोगशाळा:
दगड कुठला हे आधी, लोक तेच विसरतात. मग जागा, उंची, ऊन की सावली, उभा कडा की आडवा पत्थर. वरचा फोटो कोरडा असताना एक आणि ओला करून एक, ओल्यात रंग पार बदलतो. काठाची एक पाकळी चिमट्यानं उचलून खालच्या बाजूचा फोटो, काळी का तपकिरी हे त्यातच कळतं. आयसिडिया असतील तर भिंगातून, टोक गोल की लांबट. तुकडा घेणं भागच असेल आणि तिथे परवानगी असेल तर नखाएवढा, कागदाच्या पाकिटात, प्लास्टिकमधे अजिबात नाही, दमट राहून बुरशी धरते.

तिरका:
आणि दगड चुनखडी निघाला तर?

जुनी_प्रयोगशाळा:
पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब दगडाच्या सुट्या कपचीवर टाका, लायकेनवर नाही. फसफसला तर बहुतेक तुमचं लायकेन दुसरंच काहीतरी आहे. आणि फसफसूनही ते झँथोपार्मेलियाच निघालं, तर वेगळा धागा काढा, मी पहिला येतो.